घोडीचा पट्टा आणि अण्णांची राळ

१० सप्टेंबर १९८९, रविवार

घोडी आज पुन्हा बसली! मेसच्या लॉनच्या बरोब्बर मध्यावर, आम्हा सगळ्या बायकांच्या देखत. निम्मं लॉन कापलेलं, निम्मं वाढलेलं – न्हाव्याच्या दुकानातून अर्ध्यातच पळून आलेल्या माणसासारखं दिसत होतं.

घोडी म्हणजे गवत कापायचं यंत्र. ढकलायचं नव्हे, वर बसून चालवायचं. लाल रंगाचं, चार चाकांचं, छोट्या ट्रॅक्टरसारखं. कर्नल राघवन यांनी ते दिल्लीत कुठल्याशा वकिलातीच्या लिलावातून आणलं. सोबत माहितीपुस्तक नाही, सुटे भाग नाहीत. मेसचे माळी करनैल सिंग तिला घोडी म्हणतात, म्हणून आता कर्नलसाहेबसुद्धा घोडीच म्हणतात.

मी चहाचा कप हातात धरून मिसेस राघवन यांच्या शेजारी बसले होते. तेवढ्यात वास आला. जळक्या रबराचा. पाठोपाठ ती चिरकी किंकाळी. पन्नास पावलांवरून कळलं – पट्टा घसरतोय! इंजिन फिरतंय, पुली फिरतेय, पट्टा नुसता जागच्या जागी घासतोय. असा आवाज आला की माझे वडील, अण्णा, जेवणाच्या ताटावरून उठून गिरणीत पळायचे.

तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं. चहाबरोबर.

कारण मिसेस राघवन यांना मी सांगून ठेवलंय, "माय फादर इज इन द फूड इंडस्ट्री." हो! तासगावच्या पेठेतली पिठाची गिरणी म्हणजे फूड इंडस्ट्रीच की. खोटं कुठंय त्यात?

एक ऑक्टोबरला युनिटचा स्थापना दिन. मोठे जनरलसाहेब येणार. तोवर लॉन मखमलीसारखं हवं, असा कर्नलसाहेबांचा हुकूम.

१२ सप्टेंबर, मंगळवार

पुदिना आणायच्या निमित्ताने मेसच्या मागच्या शेडमध्ये गेले. करनैल सिंग घोडीच्या पोटाखाली झोपलेले, नुसते बूट बाहेर. साठीचे असतील. पूर्वी फौजेत नायक होते, आता सिव्हिलियन माळी. मुल्लानपूरहून रोज सायकलने येतात. वाटेत अतिरेक्यांच्या भीतीने लावलेले तीन नाके, तीनदा उतरा, तीनदा डबा उघडून दाखवा. "पराठे ठंडे हो जांदे ने, होर की!" म्हणतात.

म्हटलं, "बाबाजी, पट्टा दाखवा."

दाखवला. दोन पट्टे आहेत घोडीला. एक इंजिनापासून चाकांना जातो, दुसरा खालच्या पात्यांना. दोघांचीही कड काचेसारखी चकाकत होती. नख लावलं तर सुळकन घसरलं. म्हणजे गेले कामातून. पट्ट्याची कड मळकी, मऊसर, अंगाला धरणारी हवी.

आणि पात्यांचा पट्टा तर भलताच. स्टोअरवाल्यांनी अरुंद बसवलेला! पुलीच्या खाचेत अगदी तळाला जाऊन पडला होता. हा पट्टा निमुळता असतो, त्याने खाचेच्या दोन्ही भिंतींना कडांनी धरायचं असतं. तळाला टेकला की संपलं, कितीही ताणा. आमच्या गिरणीतल्या मिरची कुटायच्या डंकाला असाच निमुळता पट्टा होता, म्हणून मला माहीत.

मी हे सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. हात काळे करून. करनैल सिंग उकिडवे बसून ऐकत होते. मग म्हणाले, "बीबीजी, तुहाडे पेके चक्की है?"

पेके म्हणजे माहेर. मी दचकलेच.

"नहीं नहीं, बाबाजी! किताब में पढ़ा था."

"अच्छा जी," म्हणाले आणि दाढीत हसले.

पुदिना विसरला.

१३ सप्टेंबर

निशूने विचारलं, "मम्मा, आपके नाखून में ये काला काला क्या है?" आठ वर्षांची पोरगी, मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीतच. म्हटलं, काजळ.

१६ सप्टेंबर, शनिवार

आजचा दिवस मजेचा!

करनैल सिंगनी सांगितलं होतं, खरड गावात थ्रेशर-ट्रॅक्टरच्या पट्ट्यांचं दुकान आहे, तिथे जगातला कुठलाही पट्टा मिळतो. काल आम्ही दोघांनी सुतळीने मापं घेतली. सुतळी पुलीवरून पुलीवर फिरवायची, गाठ मारायची. जुना पट्टा मोजायचा नाही, तो ताणून लांब झालेला असतो. गाठ मी मारली. करनैल सिंगनी ती निरखून पाहिली, ओढून पाहिली. "ए बोरी वाली गंढ है," म्हणाले. पोत्याची गाठ! एक टोक ओढलं की सुटते, नाहीतर हत्तीलाही सुटत नाही. हात आपले मारून मोकळे होतात, डोक्याला विचारत नाहीत.

जयंतला स्कूटर काढायला लावली. मेजर झाला तरी बायकोच्या मागे पट्टे आणायला जावं लागतं, असं म्हणत निघाला. दुकानात छताला पट्टेच पट्टे लटकलेले. सरदारजींनी सुतळी हाती घेतली, चुटकीसरशी पात्यांचा पट्टा काढून दिला. रुंदी बरोबर, लांबी बरोबर. मला इतका आनंद झाला की जयंत म्हणाला, "पैठणी घेतली तेव्हा एवढी हसली नव्हतीस."

चाकांचा मात्र नाही. ती लांबी इकडची नव्हेच. "लुधियाने तों मंगवा देआंगे, जे बंद ना होया तां." आता बंद कधी नसतो! या महिन्यात किती झाले ते मोजायचंसुद्धा सोडून दिलंय सगळ्यांनी.

परत येताना नाक्यावर थांबवलं. पट्टा मी खांद्यावरून तिरका अडकवलेला. शिपायाने टॉर्च पट्ट्यावर मारला, मग माझ्यावर, मग जयंतच्या ओळखपत्रावर. "ये क्या है, मैडम?" म्हटलं, "घोड़ी का पट्टा." त्याने घोडी कुठेय म्हणून मागे बघितलं! जयंत हसून हसून स्कूटर पाडणार होता.

अंधार पडायच्या आत घरी. सातनंतर रस्त्यावर कुत्रं नसतं.

१८ सप्टेंबर, सोमवार

पात्यांचा पट्टा बसवला. सगळ्या पुल्या एका रेषेत आहेत का ते सुतळी ताणून पाहिलं – एक पाव बोट बाहेर होती. वॉशर टाकून आत घेतली. अण्णा असते तर म्हणाले असते, बरं झालं गं सुमे.

घोडीने गवत असं कापलं! वासानेच पोट भरलं.

करनैल सिंगना मी चार गोष्टी सांगितल्या आणि त्यांनी मला दहा. घोडी उभी करताना पट्टा सैल करून ठेवायचा, नाहीतर पुलीच्या आकारातच आखडतो. ओलं गवत आत चिकटतं ते रोज खरवडायचं. पट्ट्याला तेलाचा हात लावायचा नाही – आपण तंबाखू खात नाही म्हणून आपले हात नेहमी स्वच्छ, असंही मला ऐकवलं. आणि दर शनिवारी पट्टा उलटा वाकवून भेगा बघायच्या. फौजेत रायफलीची नळी बघायचे तसं एक डोळा मिटून बघतात.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

चाकांचा पट्टा रुसलाय. सपाटीवर चालतो, जरा चढ आला की किंकाळी. आणि लॉनचा तो पूर्वेचा उतार! नेमका तिथेच शामियाना लागणार.

लुधियान्याचा पट्टा आलेला नाही. आज बंद. उद्या बंद. करनैल सिंग दोन दिवस आलेले नाहीत, मुल्लानपूरचा रस्ता अडवलाय म्हणतात.

मिसेस राघवन यांनी लेडीज मीटिंगमध्ये विचारलं, "सुमित्रा, तुमच्या फादरची फूड इंडस्ट्री नेमकी कशाची?" म्हटलं, "व्हीट प्रॉडक्ट्स." सुचलं बाई वेळेवर!

घरी येऊन जयंतला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, सांगून टाक ना गिरणी आहे म्हणून. गिरणीवाल्याची मुलगी म्हणून कोण खाणार आहे तुला?" त्याला काय जातंय? त्याचे वडील हेडमास्तर. माझ्या लग्नात त्याच्या आत्याबाई माझ्या केसांतून हात फिरवून म्हणाल्या होत्या, पीठ तर नाही ना लागलेलं. सगळे हसले होते. मीही हसले होते. अजून लक्षात आहे.

२८ सप्टेंबर, गुरुवार

आज मी एक गंमत केली. कुणाला सांगितली नाही. इथे लिहिते.

तीन दिवस राहिलेत. लुधियान्याचा पट्टा नाही तो नाहीच. करनैल सिंग आले परत, पण घोडी उतारावर निम्म्यातून मागे घरंगळते. काल बिचारे उतरून ढकलत होते. कर्नलसाहेब लांबून बघत होते.

आणि मला आठवली राळ!

गिरणीत पट्टा घसरला की अण्णा राळेची चिमूट घ्यायचे आणि चालत्या पट्ट्यावर आतून भुरभुरायचे. चर्रर्र आवाज यायचा, देवदारासारखा वास सुटायचा, आणि पट्टा जो धरायचा तो दिवाळीपर्यंत. मी सासरी निघाले तेव्हा अण्णांनी एक पिशवी हातात दिली होती. आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याची शिवलेली, त्यात राळ. "पट्टा घसरला तर असू दे." आई त्यांच्यावर किती चिडली होती! मुलीला काय द्यायचं याची काही रीत. सतरा वर्षं पोस्टिंगमागून पोस्टिंग, ती पिशवी ट्रंकेच्या तळाला.

दुपारी करनैल सिंग जेवायला गेले तेव्हा शेडमध्ये गेले. राळ कुटून नेली होती. चाकांच्या पट्ट्याला दोन्ही कडांनी चोळली, अगदी सढळ हाताने. हात चिकट झाले, नाकात अण्णांच्या गिरणीचा वास. उगीचच डोळे भरून आले.

चारला करनैल सिंगनी घोडी काढली आणि ती उतार चढली! एका दमात! वरपर्यंत. त्यांनी वरून हात हलवला. मी खिडकीत नाचले.

२९ सप्टेंबर

पिशवी कुठे ठेवली मी? घरभर शोधली. शेडमध्येच राहिली असणार. उद्या बघते.

३० सप्टेंबर, शनिवार

कसं लिहू. आधी हसू येत होतं.

आज रंगीत तालीम. शामियाना लागलेला, पांढऱ्या चादरींची टेबलं, कपबशांचे मनोरे, मधोमध जनरलसाहेबांसाठी लाल मखमलीची खुर्ची. कर्नलसाहेब स्वतः त्या खुर्चीत बसून बघत होते की ऊन डोळ्यांवर येतं का. करनैल सिंग गवताची शेवटची पट्टी कापत उतारावरून खाली येत होते. शामियान्याजवळ येऊन दरवेळी थांबून वळतात.

आज घोडी थांबलीच नाही!

मला दिसलं – ते पाय दाबतायत, पुरता जीव टाकून दाबतायत, अर्धे उभे राहिलेत सीटवर. घोडी आपली चाललीय ठुमकत. दोरी तोडली. टेबल घेतलं. कपबश्या! तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. कर्नलसाहेबांनी खुर्चीतून सरळ झेंडूच्या वाफ्यात उडी मारली. मखमलीची खुर्ची चारी पाय वर. मग करनैल सिंगनी चावी फिरवली आणि इंजिन बंद पडलं.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. कर्नलसाहेब झेंडूतून उठले, मिशीत पाकळी. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मीसुद्धा.

मग कॅप्टन सक्सेना पुढे आला. युनिटच्या सुरक्षेचं तोच बघतो. हसत नव्हता. उलथी खुर्ची बघितली, ती कुणाची ते बघितलं, मग करनैल सिंगच्या पगडीकडे बघितलं. हळू आवाजात विचारलं, "ब्रेक क्यों नहीं लगाया?"

"पैर पैडल पे ही था, साब."

"फिर रुकी क्यों नहीं?"

बाबाजी वाकून फुटक्या कपबश्या गोळा करायला लागले. त्यांचा गेटपास काढून घेतला. दोन जवान दोन्ही बाजूंना, मधून ते सायकल हातात धरून चालत गेले. सगळं हसू कुठच्या कुठे गेलं.

१ ऑक्टोबर, रविवार

स्थापना दिन थाटात झाला. जनरलसाहेब लॉनला छान म्हणाले.

मी गर्दीतून सटकून शेडमध्ये गेले. दाराला सील नव्हतं, नुसती कडी. घोडीच्या पोटाखाली हात घातला, पेडल दुसऱ्या हाताने दाबलं. आणि कळलं. इतकं साधं! घोडीला वेगळा क्लच नाहीच. पट्टा हाच क्लच. पेडल दाबलं की एक छोटी पुली बाजूला सरकते, पट्टा सैल पडतो, सैल पट्टा घसरतो आणि चाकं थांबतात. म्हणजे या पट्ट्याने वेळ आली की सोडायचं असतं. गिरणीतल्या पट्ट्याने कधी सोडायचं नसतं, दिवसभर धरून ठेवायचं असतं. मी याला गिरणीची सवय लावली. गुरुवारी वर चढताना राळ गार होती, काल दोन तास घासून ती पाघळली, पार डिंक झाला. पेडल दाबूनही पट्टा पुलीला चिकटलेलाच होता. त्याच पेडलवरचा ब्रेक बिचारा काय करणार?

मी केलं हे. मी.

पिशवी शोधली. कुठेच नाही. कुणाला सापडली असेल? सक्सेनाला?

२ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टी. जयंत म्हणाला, चौकशी नीट चाललेली नाही. म्हणजे करनैल सिंगना रोज गेटवरच्या खोलीत बोलावतात आणि घोडीबद्दल कुणी विचारतच नाही. गावात कोण येतं-जातं. भाचा कुठे असतो. चौऱ्याऐंशीत तू कुठे होतास. आणि ते एकच सांगतात – पाय पेडलवर होता. शुक्रवारी अहवाल जाणार. "घातपाताचा प्रयत्न नाकारता येत नाही" असं एक वाक्य पडलं की झालं. नोकरी तर जाईलच. पुढे पोलीस.

मी पोळ्या लाटत होते. पोळी तव्यावर काळी झाली.

दुसरी लाटायला घेतली.

३ ऑक्टोबर

आज सांगणार होते. निशूच्या शाळेत मीटिंग होती. मग डोकं दुखलं.

खरं लिहू का? डोकं वगैरे काही दुखलं नाही. मिसेस राघवन यांचा चेहरा दिसतो. ऑफिसरच्या बायकोने चोरून मेसच्या यंत्राला हात लावला, आणि का, तर गिरणीवाल्याची मुलगी! तो आत्याबाईंचा हात केसांतून फिरताना जाणवतो. छत्तीस वर्षांची घोडी झाले आणि अजून.

४ ऑक्टोबर, बुधवार

जयंतला सांगितलं. जेवताना. वरण वाढता वाढता.

त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग, "राळ?" म्हणाला.

"राळ."

"आणि हे तू चार दिवस पोटात घेऊन हिंडतेयस?"

मी रडायला लागले. म्हटलं, तुझं प्रमोशन.

"माझं प्रमोशन चिमूटभर राळेने अडकणार असेल तर अडकू दे. उद्या सकाळी नऊला चल माझ्याबरोबर. आणि ते फूड इंडस्ट्री वगैरे तिथे काढू नकोस!"

या माणसावर चिडावं तरी कधी?

५ ऑक्टोबर, गुरुवार

झालं!!

कर्नलसाहेबांच्या ऑफिसात गेले. सक्सेना होताच. तीनदा घसा साफ केला. मग म्हटलं, "सर, माझ्या वडिलांची तासगावला पिठाची गिरणी आहे." सुरुवातच ही केली. दोघे बघायला लागले, बाईंना बरं नाही की काय. एकदा गिरणी तोंडातून निघाली आणि पुढचं सगळं पिठासारखं भुरुभुरु पडत गेलं – डंक, राळ, पिशवी, खिडकीतला नाच, सगळं.

सक्सेना म्हणाला, "मॅडम, तुम्ही त्याला वाचवायला हे सांगताय."

मग मला राग आला. चांगलाच. म्हटलं, चला शेडमध्ये.

घोडी चार जवानांकडून ठोकळ्यांवर चढवली, चाकं अधांतरी. सक्सेनाला म्हटलं, बसा वर. बसला. इंजिन चालू. पेडल दाबा. दाबलं. चाकं फिरतायत. आणखी दाबा! दोन्ही पायांनी दाबलं, गाल फुगले, चाकं फिरतच. बंद करा. मग पट्टा काढला, माझ्या हातांनी, साडीचा काठ काळा करून. त्याच्या बोटाला लावला. बोट चिकटलं.

"वास घ्या," म्हटलं.

त्याने घेतला. पोरगाच आहे तो तसा. कानापर्यंत लाल झाला.

कर्नलसाहेब म्हणाले, "मिसेस इंगवले, यू नियरली किल्ड मी विथ फ्लोअर मिल टेक्नॉलॉजी." आणि एकदम असे हसले की शेडवरची कबुतरं उडाली. मग गंभीर होऊन म्हणाले, हे लगेच येऊन सांगायला हवं होतं. मान खाली घातली. त्यात माझं काही म्हणणंच नाही.

गेटपास परत द्यायचा हुकूम निघाला. जीप मुल्लानपूरला गेली. सक्सेना स्वतः गेला, एवढं मात्र मानलं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळ्या कॉलनीत बातमी! मिसेस राघवन सकाळीच दारात. मी तयारीतच होते, काय बोलतील ते ऐकून घ्यायच्या. त्या सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "सुमित्रा, इथली चक्की माझं पीठ जाडंभरडं का देते? आणि गरम का असतं ते? रोट्या चामड्यासारख्या होतात!"

म्हटलं, जात्याचे दगड झिजलेत, छिन्नीने टाकी लावायला आलेत, आणि पट्टा घसरतोय म्हणून जातं कमी-जास्त वेगाने दळतंय. त्या वहीत लिहून घेत होत्या!! सतरा वर्षं मी हे लपवलं.

७ ऑक्टोबर, शनिवार

करनैल सिंग आले. दाढी विंचरलेली, पगडी कडक. मी शेडच्या दारात उभी. हात जोडले. "बाबाजी, गलती मेरी थी. पाँच दिन..."

त्यांनी मला पुरं करूच दिलं नाही. "छड्डो जी. घोड़ी ने कर्नलसाब नूँ फुल्लां च सुट्टिया – एहो जेहा नज़ारा कित्थे मिलदा!" साहेबांना फुलांत फेकलं, असं दृश्य पुन्हा कुठे मिळायचं, म्हणे! आणि हसत सुटले.

लुधियान्याचा पट्टा आलाय. एक तारखेनंतर, अर्थात. दोघांनी मिळून पुल्या साबणाच्या पाण्याने घासल्या, खाचेतली राळ काडीने कोरून काढली, कोरड्या केल्या, मग नवा पट्टा. पेडल दाबलं की घोडी गाईसारखी उभी. ते म्हणाले, "बीबीजी, हुण किताब विच लिख लओ." म्हणजे ते माझं पुस्तक विसरले नाहीत!

म्हटलं, दसऱ्याला घोडीची पूजा करू. आमच्या गिरणीत करतात. पट्टा उतरवायचा, पुलीला झेंडूची माळ, सगळ्या हत्यारांना हळदकुंकू. ते म्हणाले, ज़रूर जी.

९ ऑक्टोबर

अण्णांना पत्र टाकलं. सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, तुमची राळ फार चांगल्या प्रतीची आहे.

१० ऑक्टोबर, मंगळवार. दसरा.

आपट्याची पानं इथे कुठली. कचनारची वापरतो, तशीच जोडपानं असतात. घोडीला माळ घातली. मग म्हटलं, बाबाजी, तुमची हत्यारांची पेटी उघडा, कुंकू लावते. त्यांनी झाकणावर हात ठेवला. "रहण देओ जी." मी ऐकते थोडीच! झाकण मीच उचललं. पाने, पक्कड, हातोडी. तळाशी आईच्या हिरव्या लुगड्याची पिशवी. वर माझीच पोत्याची गाठ, न सोडलेली.

कधी मिळाली, विचारलं. घोडी सुटली त्याच दिवशी, म्हणाले, सायकल घ्यायला शेडमध्ये गेलो तेव्हा, सक्सेनासाब तिथे यायच्या आधी. पगडीत घालून गेटबाहेर नेली. परत द्यायची होती, जमलं नाही.

"पण दाखवायची होती ना त्यांना! पाच दिवस तुम्ही..."

"धी दे पेके दी चीज़ सी," म्हणाले. "किवें विखौंदा?"

लेकीच्या माहेरची वस्तू. कशी दाखवणार.

मी त्यांच्या पाया पडले. पिशवी तिथेच ठेवली, त्यांच्या पेटीत.